ब्लॉक करण्याआधी

पोरी, आधी एक गोष्ट नीट समजून घे. व्हॉट्सॲपवर तू एखाद्याला ब्लॉक केलंस, तरी तुम्ही दोघं ज्या ग्रुपमध्ये आहात तिथले त्याचे मेसेज तुला दिसतच राहतात, आणि तुझे त्याला. बंद होतं ते मुख्यतः एवढं: त्याचा फोन, त्याचा खासगी मेसेज, आणि तू शेवटची कधी ऑनलाइन होतीस, स्टेटसला काय ठेवलंस हे त्याला कळणं. ग्रुपवरच्या भांडणावर ब्लॉक हा उपायच नाही. खासगीत कुणी छळत असेल तर आहे. पुष्कळजण हे न कळताच रागाच्या भरात बटण दाबतात आणि मग दुसऱ्या दिवशी तोच माणूस ग्रुपवर दिसला की आणखी चिडतात.

तू आता सोसायटीची सेक्रेटरी झालीस. कमिटीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा एक तरी सभासद येतो. सकाळी सहाला तो पाण्याच्या टाकीचा फोटो टाकतो, दुपारी आडव्या लावलेल्या गाडीचा, आणि रात्री सगळ्यांसमोर विचारतो की लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे गेले कुठे. बोलणं खवचट असतं, मान्य. पण तू सूर बाजूला ठेवून मजकूर वाचायला शीक. टाकी बऱ्याचदा खरंच साफ झालेली नसते. हिशेब मागणं तर त्याचा हक्कच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाला संस्थेची ठरावीक कागदपत्रं पाहता येतात. पदावर असताना अशा माणसाला ब्लॉक करणं तुला शोभणार नाही आणि परवडणारही नाही. उद्या तो सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या कार्यालयात गेला, तर ‘सेक्रेटरीबाईंनी माझा नंबरच बंद केला’ एवढं एक वाक्य तुझी बाजू लंगडी करायला पुरेसं आहे.

ग्रुपमधून काढून टाकण्याचंही तेच. ग्रुपमधून गेला म्हणून तो संस्थेतून जात नाही. सभासदाला संस्थेतून काढायचं तर सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या, मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी तीन चतुर्थांशांनी ठराव करावा लागतो, त्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि वर निबंधकांची मंजुरी लागते. मला हे योग्यच वाटतं, कारण प्रश्न माणसाच्या घराचा असतो. तेव्हा त्याला शांतपणे सांग, ‘काका, तक्रार लेखी द्या.’ आदर्श उपविधींप्रमाणे कमिटीने ती पुढच्या सभेत घ्यायची आणि निर्णय १५ दिवसांत कळवायचा. तू ही मुदत पाळ. चार वेळा वेळेवर उत्तर मिळालं की ग्रुपवर ओरडण्याचं कारणच उरत नाही, आणि उरलं तरी बाकीचे सभासद तुझ्या बाजूने उभे राहतात.

सूचनांसाठी वेगळा ग्रुप कर, तिथे फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं ठेव. पाणी कधी येणार नाही हे लोकांना शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात शोधावं लागू नये. आणि ॲडमिन आहेस म्हणून घाबरू नकोस. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं आहे की, समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत नसेल तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी नुसत्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरी कुणी शिवी घातलीच, तर ॲडमिनला तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. तो लगेच काढ. मग त्या माणसाशी फोनवर बोल, ग्रुपवर अक्षरही लिहू नकोस.

दुर्लक्ष करायचं ठरवलंस तर ते पुरतं कर. ‘मी लक्षच देत नाही’ म्हणायचं, आणि दुपारी जावेला स्क्रीनशॉट पाठवायचा, स्टेटसला टोमणा ठेवायचा, लिफ्टमध्ये भेटल्यावर मान फिरवायची, याला दुर्लक्ष म्हणत नाहीत. ते भांडण मागच्या दाराने चालू ठेवणं झालं. ग्रुप म्यूट कर. आठ तास, एक आठवडा किंवा कायमचा, तिन्ही सोयी आहेत. मग तो आर्काइव्हमध्ये टाक म्हणजे नवा मेसेज आला तरी वर येत नाही. तुझं नाव घेऊन कुणी विचारलं तर तेवढं मात्र बघ. उत्तर द्यायचं ते एकदाच, तारीख आणि आकडा देऊन, आणि मग थांबायचं. जेवणं झाल्यावर, अंथरुणात पडून काहीही पाठवू नकोस. दोनदा लिहूनही विषय मिटत नसेल तर चप्पल घाल आणि त्यांचं दार वाजव. समोर बसल्यावर माणूस लिहितो तसं बोलत नाही. एकटा असतो, गुडघे दुखत असतात, मुलगा परदेशात असतो; हे ग्रुपवर कधीच कळत नाही.

नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज फुलं आणि सुविचार पाठवणाऱ्या मामांना म्यूट कर नि सोडून दे. त्यांना तेवढ्यासाठी दुखवायचं काही कारण नाही. पण फॉरवर्डमध्ये अफवा असली तर मात्र तू गप्प बसू नकोस. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते विसरू नकोस. मुलं पळवणारी टोळी फिरते अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ते अफवेचे मेसेज हजारो समजूतदार लोकांनीही वाचलेच असतील, आणि ‘कशाला बोला’ म्हणून सोडून दिले असतील. कुणी ‘साखरेच्या गोळ्या बंद करा, हा काढा घ्या’ असं टाकलं, कुणी एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल विखारी काही टाकलं, तर एकदा, स्वच्छ, नाव न ठेवता लिही: ‘मामा, हे खरं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी गोळी बंद करू नका.’ वाद घालू नकोस, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी तुझं वाक्य तिथे असायला हवं.

घरच्यांच्या बाबतीत माझं मत कडक आहे. ज्याच्याशी सातबारा सामाईक आहे, किंवा जो आई-वडिलांपाशी राहतो, त्याला ब्लॉक करायचं नाही. कितीही कडू बोलला तरी. ब्लॉक असताना त्याने पाठवलेला मेसेज तू पुढे ब्लॉक काढलास तरी तुला मिळत नाही, तो गेला तो गेलाच. हॉस्पिटलमध्ये नेतोय, इंजेक्शनसाठी पैसे लागतायत, आई गेली. असले मेसेज अशा वेळीच येतात. गिरगाव-परळच्या चाळींमध्ये अबोले वर्षानुवर्षं चालायचे. जिना एक, नळ एक, आणि तोंडाला तोंड नाही. पण रात्री शेजारी कुणाला कळ आली की तेच लोक खाट उचलायला पुढे असायचे, आणि मयताला खांदाही द्यायचे. अबोला धर, हवा तर महिनाभर धर. संकटात हाक ऐकू येईल एवढी वाट उघडी ठेव.

आता ब्लॉक करायचं कुणाला ते सांगते, आणि इथे मात्र क्षणभरही भीड बाळगू नकोस. रात्री-अपरात्री ‘जेवलीस का’ विचारणारा, व्हिडिओ कॉल लावणारा, घाण फोटो पाठवणारा, धमकी देणारा. तो सोसायटीचा अध्यक्ष असो, नवऱ्याचा मित्र असो की लांबचा दीर असो. अशा माणसाला एकदाच लिही: ‘मला पुन्हा मेसेज करू नका.’ कारण सांगू नकोस, माफी मागू नकोस. हे लिहिलेलं पुढे उपयोगी पडतं. बाईने स्पष्ट नकार दाखवूनही जो पुन्हा पुन्हा संपर्क करतो, त्याला भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात पहिल्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भारतीय दंड संहितेच्या ३५४-ड मध्ये होतं.

मग लगेच ब्लॉक नको, आधी पुरावा. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढ, ते घरातल्या विश्वासाच्या माणसाला पाठवून ठेव, आणि किळस आली म्हणून चॅट पुसून टाकू नकोस. त्यानंतर ब्लॉक कर. ब्लॉक केल्याची सूचना त्याला जात नाही, तूही कुणाला सांगत बसू नकोस. नवीन नंबरवरून आला तर तोही याच क्रमाने. धमकी असेल तर ११२ ला फोन कर. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही.

‘एवढ्याशा गोष्टीचा कशाला बोभाटा’ असं सांगणारे तुला भेटतील, त्यात घरच्या बायकाही असतील. त्यांचं ऐकू नकोस. असा पहिला मेसेज येईल त्याच रात्री घरात कुणाला तरी दाखव, आणि घरात सांगण्यासारखं कुणी नसेल तर मला फोन कर, कितीही वाजले असोत.