मृगातील मेघाचे वस्तुमान

हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र पूर्वेस वर आले म्हणजे त्याच्या मध्यभागी एका ओळीत असलेले तीन तारे सहज ओळखू येतात. ईयोब व आमोस या पुस्तकांतील इब्री ‘केसील’ तो हाच तारकासमूह, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या तिघांच्या दक्षिणेस नुसत्या डोळ्यांनाही एक धुरकट ठिपका दिसतो. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला तेजोमेघ होय. तप्त ताऱ्यांमुळे तो उजळला आहे. त्याच्या पाठीमागे याहून कितीतरी मोठा, थंड व काळोखा मेघ पसरला आहे.

‘मेघ’ हा शब्द मात्र येथे जपून वापरावा. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. अशा थंड मेघात तेवढ्याच जागेत पुष्कळदा हजारभरच असतात. पृथ्वीएवढा गोल या वायूने भरला, तर त्यातील हायड्रोजनचे वस्तुमान जेमतेम साडेतीन टन भरेल. एक मालमोटार ते सहज वाहून नेईल! परंतु एक प्रकाशवर्ष लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच घन घेतला, की त्याच विरळ वायूचे वस्तुमान आपल्या सूर्याहून अधिक होते. सूर्य म्हणजे सुमारे ३,३३,००० पृथ्व्या! म्हणूनच खगोलशास्त्रात किलोग्रॅम बाजूस ठेवून सूर्याचे वस्तुमान हेच एकक धरतात. मृगातील मेघसमूहात लाखभर सूर्यांइतका वायू आहे.

जे तराजूत घालता येत नाही ते मोजावे कसे? प्रथम ते आहे हेच कळावे लागले. १९०४ साली योहान्नेस हार्टमान त्या तीन ताऱ्यांपैकी एकाचा वर्णपट तपासत होते. तो युग्मतारा असल्याने त्याच्या वर्णरेषा पुढेमागे सरकत. कॅल्शियमची एक रेषा मात्र जवळजवळ स्थिर राही. अर्थात तो कॅल्शियम ताऱ्यावरचा नव्हता, वाटेतला होता.

मेघाचा मुख्य घटक हायड्रोजन. पण थंडीत त्याचे रेणू जवळजवळ मूकच असतात. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स व पेन्झियास यांना मृगातील याच तेजोमेघाच्या दिशेने कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटर लांबीच्या लहरी सापडल्या. या गौण वायूवरून हायड्रोजनचा अंदाज बांधतात. तो अंदाजच! दोन्ही वायूंचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते.

तरीही हा आकडा केवळ कुतूहलाचा नाही. मेघाच्या एखाद्या भागात पुरेसे वस्तुमान एकवटले तरच त्याचे गुरुत्वाकर्षण वायूच्या दाबावर मात करते. तो भाग आकसत जातो व तारा जन्मतो. मात्र अशा मेघातील बहुतांश वायू ताऱ्यांत जातच नाही. नवजात तप्त तारे आपल्या प्रारणाने व वाऱ्याने तो उधळून लावतात. मृगातील तो ठिपका उजळणारे तारे आज तेच करीत आहेत.