आश्रय आणि निष्ठा : ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील एका मैत्रीचा अभ्यास

सबळ व दुर्बळ मुलांची मैत्री प्रत्येक शाळेत आढळते. मोठा मुलगा लहान्याची पाठ राखतो, लहाना त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. वरवर पाहता हे चित्र समाधानकारक असते. परंतु अशा मैत्रीत आश्रयाचे मोल कोण देतो, हे शिक्षकाने पाहणे अगत्याचे आहे. चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (१८४९-५०) या कादंबरीतील शाळेचा भाग या दृष्टीने फार उद्बोधक आहे.

कथाभाग

पितृहीन डेव्हिडला त्याचा सावत्र बाप सेलम हाऊस या निवासी शाळेत पाठवितो. ‘हा चावतो, सावध राहा’ अशा अर्थाची पाटी त्याच्या पाठीवर बांधलेली असते. मुख्याध्यापक क्रीकल हा छडीच्या धाकावर शाळा चालविणारा क्रूर गृहस्थ आहे. अशा ठिकाणी डेव्हिडहून सुमारे सहा वर्षांनी मोठा, देखणा व श्रीमंत स्टिअरफोर्थ त्याला आपल्या पंखाखाली घेतो. त्यामुळे इतर मुले डेव्हिडच्या वाटेस जात नाहीत. स्टिअरफोर्थ त्याला गणितेही समजावून देतो.

मात्र पहिल्याच दिवशी डेव्हिडजवळचे सात शिलिंग स्टिअरफोर्थच्या हाती जातात व त्यांतून शयनगृहात मेजवानी होते. पुढे झोप अनावर झाली तरी डेव्हिडला रात्री त्याला गोष्टी सांगाव्या लागतात. क्रीकलच्या छडीपासून तर स्टिअरफोर्थ त्याला कधीच वाचवीत नाही. वास्तविक क्रीकल ज्याच्यावर हात उगारण्यास धजत नाही, असा तोच एकटा विद्यार्थी आहे.

शाळेत मेल नावाचे गरीब व मायाळू शिक्षक आहेत. त्यांची आई धर्मार्थ निवासात राहते, ही गोष्ट डेव्हिडने विश्वासाने स्टिअरफोर्थला सांगितलेली असते. एके दिवशी वर्गात गोंगाट होतो. मेल गुरुजी शांत राहण्यास सांगतात, तेव्हा स्टिअरफोर्थ त्यांना भिकारी म्हणतो आणि क्रीकलसमोर त्यांच्या आईचे ते गुपित उघड करतो. त्या वेळी गुरुजींचा हात डेव्हिडच्या खांद्यावर असतो. आपले गुपित कोठून फुटले असेल, हे त्यांना कळण्याजोगे आहे. तरीही ते त्याचा खांदा प्रेमाने थोपटीतच राहतात. त्याच दिवशी त्यांना शाळा सोडावी लागते.

दोन प्रकारची निष्ठा

डेव्हिडला रडू येते. परंतु स्टिअरफोर्थला ते कृतघ्नपणाचे वाटेल, या भीतीने तो अश्रू आवरतो. त्या रात्री गोष्ट सांगताना मेल गुरुजींच्या जुन्या बासरीचे करुण सूर त्याला ऐकू आल्याचा भास होतो. उपकाराच्या ओझ्याखाली दबलेली निष्ठा ती ही.

दुसरी निष्ठा ट्रॅडल्सची. एकदा चर्चमध्ये स्टिअरफोर्थ हसला असता संशय ट्रॅडल्सवर आला. त्याने मार सोसला, पण खऱ्या अपराध्याचे नाव सांगितले नाही. आणि स्टिअरफोर्थने तो मार त्याला खाऊ दिला. मेल गुरुजींचा अपमान होताच मात्र हाच ट्रॅडल्स भर वर्गात स्टिअरफोर्थचा धिक्कार करतो, गुरुजींसाठी रडतो आणि त्याबद्दल पुन्हा छडी खातो. मित्राला शिक्षेपासून वाचविणे आणि मित्राच्या अन्यायाला अन्याय म्हणणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, हे डिकन्सने येथे दाखविले आहे. मोठेपणी डेव्हिडच्या उपयोगी पडतो तो ट्रॅडल्सच. स्टिअरफोर्थ मात्र डेव्हिडच्या विश्वासामुळे ज्या कोळी कुटुंबात प्रवेश मिळवितो, त्याच घराचा नाश करतो.

वर्गासाठी विचार

१. वर्गनायक किंवा दांडगा मुलगा एखाद्याची पाठ राखीत असेल, तर त्या लहान मुलाचा खाऊ, वह्या व गृहपाठ कोठे जातात, हे सहज लक्षात ठेवावे.

२. एका मुलाने विश्वासाने सांगितलेली घरची अडचण चारचौघांत उच्चारू नये. इतरांनी उच्चारल्यास तेथेच थांबवावे.

३. मित्राची चूक सांगणाऱ्या मुलास चुगलखोर ठरविण्यापूर्वी त्याचा हेतू पाहावा. स्वतःच्या लाभासाठी सांगणारा निराळा आणि दुबळ्यासाठी बोलणारा निराळा.

४. हा कथाभाग वरच्या वर्गांना सांगून ‘डेव्हिडने त्या वेळी काय करावयास हवे होते?’ असा प्रश्न विचारावा. उत्तर आपण देऊ नये. मुलांना बोलू द्यावे.

शाळेतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे. परंतु छडी गेली म्हणजे भय गेले, असे नव्हे. सेलम हाऊसमध्ये मुख्याध्यापकाचा आधार नव्हता, म्हणून डेव्हिडला स्टिअरफोर्थचा आश्रय शोधावा लागला. ज्या वर्गात लहानातले लहान मूल आपली तक्रार घेऊन निर्भयपणे गुरुजींपर्यंत येऊ शकते, तेथे कोणालाही असा आश्रय विकत घ्यावा लागत नाही.