प्रवरेच्या काठी पुरलेली मुले : एका दिवसाच्या सहलीचा पाठ

जिल्ह्यातील प्राथमिक शाळांच्या सहली बहुधा वेरूळ, दौलताबाद व पैठण या ठरीव वाटेनेच जातात. ही स्थळे थोर आहेत यात शंका नाही. परंतु तेथे विद्यार्थ्याला दिसते ते राजांचे, दात्यांचे आणि संतांचे कार्य. ज्यांनी शेत कसले, गाडगी घडविली, लेकरे वाढविली व त्यांतील काही गमाविली, त्या साध्या माणसांचा इतिहास कोठे पाहावयास मिळतो, असे वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी विचारतो तेव्हा शिक्षक बहुधा पुस्तकाचे पान उलटतो. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर बीडहून सकाळी निघून रात्री परत येता येईल इतक्या अंतरावर आहे. गेवराई-शेवगाव मार्गाने गेल्यास अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या काठी नेवासे लागते. ते हे स्थळ होय.

नेवाशाचे नाव मराठी मुलाला नवे नसते. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी येथे सांगितली गेली आणि ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात तो पैस खांब आजही भाविक पाहतात. सहलीतील मुलांनी त्याचे दर्शन अवश्य घ्यावे. तथापि याच गावी लाडमोड नावाचे एक टेकाड आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या काळीही ज्याची स्मृती उरली नसेल असे एक गाव त्याच्या पोटात सापडले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. शां. भा. देव व त्यांचे सहकारी यांनी 1954 ते 1956 आणि पुन्हा 1959 ते 1961 या काळात येथे उत्खनन केले. वरच्या थरांत मराठेशाही व मुसलमानी अंमल यांचे अवशेष, त्याखाली सातवाहनांचा काळ आणि त्याच्याही खाली सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती, असा तो क्रम लागला. खाली जावे तसतसा काळ मागे का जातो, हे मुलांना पेवाच्या दाखल्याने समजते : पेवात जे धान्य आधी ओतले ते तळाशी जाते, आणि वरचे उपसल्यावाचून तळाचे दिसत नाही.

त्या तळाच्या वस्तीत, घरांच्या चोपलेल्या जमिनीखाली, लहान मुलांची दफने मिळाली. जमिनीत खड्डा खणून त्यात दोन रांजणवजा मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली असत आणि त्यांच्या पोटात मुलाचा देह. मडकी करड्या रंगाची, जाडीभरडी. जवळ कधी तोटीचे भांडे, कधी कंगोऱ्याची वाटी. प्रवरा, घोड व भीमा यांच्या खोऱ्यांत अशाच चालीची अनेक गावे त्या काळी होती. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे 1950-51 मध्ये ती प्रथम उत्खननाने उजेडात आली, म्हणून या लोकांच्या संस्कृतीस जोर्वे संस्कृती असे नाव पडले. तिचा काळ साधारण इ. स. पूर्व 1400 ते 700 असा धरतात.

नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या भोकांत ओवलेल्या दोऱ्याचा अंशही टिकून राहिला होता, आणि तपासणीत त्यात कापूस व रेशीम यांचे तंतू आढळले. घोड नदीकाठच्या चांडोली येथे अशाच एका माळेचा दोरा जवसाच्या तंतूचा निघाला. शिक्षकाने सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात थोडा वेळ या दोऱ्यावरच थांबावे. तो विज्ञानाचाही पाठ आहे. इजिप्तच्या वाळवंटात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नुसत्या वाळूत पुरलेल्या माणसांची कातडी व केस आजही शाबूत आहेत, कारण कोरड्या तप्त वाळूने देहातील ओल शोषून घेतली आणि कुजण्याची क्रियाच थांबली. आपल्या काळ्या जमिनीत दरवर्षी पावसाळा मुरतो. तेथे कापड, लाकूड, कातडे काही टिकत नाही, राहतात ती हाडे व खापरे. मग दोराच तेवढा कसा वाचला? तांबे गंजते तेव्हा त्याचे क्षार लगतच्या धाग्यात झिरपतात व कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना तेथे जगू देत नाहीत. ज्याच्या घरी द्राक्षांवर मोरचुदाची फवारणी होते, त्या मुलाला हे निराळे सांगावे लागत नाही.

परंतु विज्ञानावरच पाठ संपविणे इष्ट नाही. मृत्यूचा विषय मुलांपुढे काढावा की काढू नये, याविषयी अनेक शिक्षकांना संकोच वाटतो. तो संकोच समजण्याजोगा असला तरी खेड्यातील मुलाने मृत्यू पाहिलेला असतो. दात न आलेल्या बालकाला अग्नी देत नाहीत, पुरतात, ही रीत त्याला ठाऊक असते. क्वचित ते बालक त्याच्याच घरचे असते. म्हणून प्रश्नोत्तरे सावकाश व्हावीत. नमुन्यादाखल थोडी पुढे दिली आहेत.

विद्यार्थी : गुरुजी, घरातच का पुरले? भीती नसेल का वाटत?

शिक्षक : तुम्हांला काय वाटते? ज्याची भीती वाटते ते माणूस घरात ठेवतो की घराबाहेर?

विद्यार्थिनी : बाहेर. म्हणजे त्यांना ते मूल घरातच राहावे असे वाटले असेल.

शिक्षक : असेल. लिहून ठेवलेले काही नाही, तेव्हा आपण ‘असेल’ एवढेच म्हणू या. पण गळ्यातील माळ त्यांनी काढून घेतली नाही, हे मात्र आपल्याला नक्की ठाऊक आहे. त्या काळी तांबे स्वस्त नव्हते.

यातील ‘असेल’ आणि ‘नक्की’ यांमधील भेद हा या पाठाचा गाभा समजावा. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे 1968 ते 1983 पर्यंत उत्खनन चालले. तेथील प्रौढांच्या दफनांत पावले घोट्याखाली तोडलेली आढळतात. मृताने परत चालत येऊ नये म्हणून, असा तर्क विद्वान करतात. पावले तोडलेली आहेत हे नक्की. कारण हे अनुमान. तेथेच, वस्तीच्या मध्यभागी असलेल्या एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेला एक पुरुष सापडला. त्याची पावले तोडलेली नव्हती. तो गावचा प्रमुख असावा, असे म्हणतात. लहान-मोठा हा भेद मातीखालीही पोहोचला होता, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येते. ते ठासून सांगण्याची गरज नाही.

इनामगावची आणखी एक हकीकत बीडच्या शिक्षकाने विशेष काळजीने सांगावयाची आहे. आरंभी तेथील लोक ऐसपैस चौकोनी घरांत राहत, जव व गहू पिकवीत. त्यांनी पाण्याचा पाटही काढला होता. इ. स. पूर्व 1000 च्या सुमारास चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती उणावली आणि शिकारीवरचा भार वाढला. पाऊस कमी होत गेला व लोक अर्धे भटके झाले, असे अनुमान डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडले आहे. दिवाळी होताच मुकादमाच्या टोळीबरोबर ज्याचे आईबाप कोयता घेऊन निघतात व जे मूल चार-पाच महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत काढते, त्याला या गोल झोपड्या दूरच्या वाटत नाहीत. नेवाशाच्या वाटेवरील उसाचे मळे पाहून एखादे मूल सहज म्हणेल, ‘आम्ही मागल्या साली इकडेच होतो.’ अशा वेळी त्याला बोलू द्यावे. त्याच्याकडे बोट मात्र दाखवू नये. शिवाय याच कारणास्तव सहल दिवाळीपूर्वी, आश्विनात काढणे योग्य. हंगाम सुरू झाल्यावर काढलेल्या सहलीत जी मुले नसतात, त्यांच्यासाठीच हा पाठ सर्वाधिक मोलाचा आहे.

प्रत्यक्ष स्थळी पाहण्याजोगे थोडेच आहे, हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर मुले हिरमुसतात. उत्खननातील वस्तू पाहावयाच्या तर पुण्यास डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावे लागते. लाडमोडवर शिल्लक आहे ती उंचवट्याची माती, तिच्या कडेला डोकावणारी खापरे आणि खाली वाहणारी प्रवरा. एवढे पुरेसे आहे. मुलांना टेकाडाच्या कडेला शांत बसवावे, नदी व वस्ती यांचे अंतर पावलांनी मोजावयास लावावे, पूर कोठवर येत असेल याचा अंदाज घ्यावा, आराखडा काढून घ्यावा. डबा टेकाडावर सोडू नये, नदीकडेच्या झाडीत सोडावा. ते दफनस्थान आहे. एकही खापर खिशात येता कामा नये. खापर जागचे हलले की ते कोणत्या थरातले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग तो मातीचा तुकडा मुका होतो.

परत आल्यावरचे काम अधिक महत्त्वाचे. आपल्या गावोगावी पांढरी आहे. गोदावरी, सिंदफणा व मांजरा यांच्या काठच्या कित्येक गावांची पांढरी आजूबाजूच्या शिवारापेक्षा उंच दिसते, ती पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून त्यांवर नवी घरे उभी राहिल्यामुळे. धाब्यावर पसरण्यासाठी, भिंती लिंपण्यासाठी, शेतात टाकण्यासाठी ही पांढरी माती पूर्वी टोपलीने नेत. आता ती यंत्राने उकरून ट्रॅक्टर भरून नेतात. एका दिवसात कित्येक शतके जातात. त्या मातीत तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी निघाली तर मजूर ती धनाच्या आशेने फोडतो, आत हाडे निघताच घाबरून फेकून देतो, आणि गोष्ट तेथेच संपते. शाळेतील दहा मुलांना ती मडकी काय आहेत हे ठाऊक असेल, तर निदान एक मूल घरी धावत जाऊन सांगेल.

असे काही निघाल्याचे कळताच शिक्षकाने जागेवर काम थांबविण्याची विनंती करावी, वस्तूला हात न लावता छायाचित्र घ्यावे, आणि सरपंच व तलाठी यांच्यामार्फत तहसीलदारांना त्याच दिवशी लेखी कळवावे. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास प्रत पाठवावी. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे 1878 च्या कायद्यान्वये सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे, हेही गावकऱ्यांना समजावून द्यावे. पत्रात गावाचे नाव, गट क्रमांक, जमिनीपासूनची खोली व मडक्यांची तोंडे कोणत्या दिशेस होती, एवढे तरी असावे. दिशा मुलांकडून होकायंत्राने पाहून घेता येईल. त्यासाठी भूगोलाच्या पेटीतील होकायंत्र चालू स्थितीत आहे की नाही, हे आधीच तपासून ठेवावे.