शिलाईदहची कुठीबाडी

बांगलादेशातील कुश्तिया जिल्ह्यात, पद्मा नदीच्या दक्षिण तीरापासून जवळच, आंबा-फणसाच्या झाडांनी वेढलेली एक जुनी कोठी उभी आहे. वर निमुळते होत गेलेले उतरते छप्पर, चारी बाजूंनी व्हरांडे आणि नदीच्या लाटांसारखी वरखाली होत गेलेली कुंपणाची ठेंगणी भिंत, असे तिचे रूप आहे. बंगालीत तिला 'कुठीबाडी' म्हणतात. रवींद्रनाथ ठाकुरांचे वास्तव्य येथे झाले, म्हणून ती आज संग्रहालय म्हणून जतन करण्यात आली आहे. येणारा प्रवासी कवीचे घर पाहावयास येतो. परंतु मुळात ही वास्तू एका जमीनदारीचे ठाणे होती, आणि तिचा खर्च भागत असे तो कुळांनी दिलेल्या खंडातून. या घराचा इतिहास समजून घ्यावयाचा तर त्याच्या भोवतालच्या जमिनीचा इतिहासही त्याबरोबरच वाचला पाहिजे.

जमीनदारीचा पाया

मुंबई इलाख्यात बहुतेक ठिकाणी रयतवारी पद्धत होती. सरकार जमिनीची पाहणी करून सारा ठरवी आणि तो थेट खातेदाराकडून घेई. बंगालमधील व्यवस्था याहून अगदी निराळी होती. तेथे 1793 साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने कायमधारा पद्धत लागू केली. जमीनदाराने सरकारात भरावयाची रक्कम कायमची ठरली. परंतु त्याने कुळांकडून किती घ्यावे याला मात्र परिणामकारक मर्यादा राहिली नाही. लागवड वाढली, धान्याचे भाव चढले, की वाढलेल्या उत्पन्नाचा मोठा वाटा जमीनदाराकडे जाई. ठरल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी भरणा झाला नाही, तर जमीनदारी लिलावात निघे. कलकत्त्यातील व्यापारात पैसा मिळविलेल्या घराण्यांनी अशा जमीनदाऱ्या विकत घेतल्या आणि शहरात राहून नायब-गुमास्त्यांकरवी त्या चालविल्या.

जोडासाँको येथील ठाकूर घराणे हे त्यांपैकीच एक होय. शिलाईदह ज्या परगण्यात येते तो बिराहिमपूर परगणा रामलोचन ठाकुरांकडून त्यांचे दत्तकपुत्र द्वारकानाथ यांच्याकडे आला. द्वारकानाथांनी निळीपासून बँकेपर्यंत अनेक उद्योग उभारले. मात्र व्यापारातील जोखीम ते पुरती ओळखून होते. 1840 साली त्यांनी बिराहिमपूर, शाहजादपूर, काळीग्राम आणि ओरिसातील पांडुआ या जमीनदाऱ्या विश्वस्त निधीत घातल्या. 1846 साली लंडन येथे त्यांचा मृत्यू झाला, आणि दोनच वर्षांत युनियन बँकेसह त्यांच्या उद्योगांचा डोलारा कोसळला. विश्वस्त निधीतील जमिनी मात्र वाचल्या. देवेंद्रनाथांनी पित्याचे ऋण फेडले ते मुख्यतः या जमिनींच्या उत्पन्नातून. ठाकूर घराण्याच्या कलेला आणि विद्याव्यासंगाला जी निश्चिंती लाभली तिचे मूळ असे खेड्यांत आहे.

शिलाईदह या नावाविषयी असे सांगतात की, शेली नावाच्या एका निळवाल्या साहेबावरून ते पडले. 'दह' म्हणजे नदीतील खोल डोह. साहेबाची जुनी कोठी पद्मेच्या काठी होती. नदी काठ कापीत जवळ आली तेव्हा ती पाडण्यात आली, आणि तिचेच सामान वापरून नदीपासून काही अंतरावर सध्याची कुठीबाडी बांधण्यात आली. निळवाल्याच्या घराच्या विटांनी जमीनदाराचे घर उभे राहिले, ही गोष्ट बंगालच्या ग्रामीण इतिहासाला धरूनच झाली.

रयतेचा आवाज

कुळे हे सारे मुकाट्याने सोशीत होती असे मानणे चुकीचे ठरेल. 1873 साली पाबना जिल्ह्यात कुळांनी संघ स्थापन करून वाढीव खंड व बेकायदा पट्ट्या देण्याचे नाकारले. ज्या युसुफशाही परगण्यात हे आंदोलन पेटले तेथील जमीनदारांत ठाकूरही होते. शिलाईदहजवळच्या कुमारखाली गावी हरिनाथ मजुमदार नावाचे एक निर्धन शिक्षक 1863 पासून 'ग्रामवार्ता प्रकाशिका' हे नियतकालिक चालवीत होते. निळवाले, सावकार आणि जमीनदार यांच्या जुलमांची वार्ता ते निर्भयपणे छापीत. लोक त्यांना 'कांगाल हरिनाथ' म्हणत. अशा असंतोषाचा परिणाम म्हणून 1885 साली बंगालमध्ये कूळकायदा झाला आणि कुळांच्या वहिवाटीच्या हक्काला काही संरक्षण मिळाले.

कवी आणि कचेरी

पित्याच्या आज्ञेवरून रवींद्रनाथ 1889 च्या सुमारास जमीनदारीचे काम पाहू लागले आणि लवकरच त्याची मुख्य जबाबदारी त्यांच्यावर आली. वय अठ्ठावीस, खेड्यांचा अनुभव जवळजवळ नाही. 'पद्मा' नावाच्या नावेतून ते शिलाईदह, शाहजादपूर आणि काळीग्राममधील पतिसर या ठाण्यांमध्ये फिरत. पुतणी इंदिरादेवी यांना त्यांनी या काळात लिहिलेली पत्रे पुढे 'छिन्नपत्र' या नावाने प्रसिद्ध झाली. नदी, वाळवंट आणि आकाश यांच्याबरोबरच कचेरीत गाऱ्हाणे घेऊन आलेली कुळेही त्या पत्रांतून भेटतात. त्यांच्या कथांतील खेडे पुस्तकांतून आलेले नाही. ते या फिरतीतून आले. 1898 पासून 1901 पर्यंत त्यांचे कुटुंबही कुठीबाडीत राहिले, आणि मुलांचे शिक्षण घरीच झाले.

हा परिसर बाउल गायकांचा. लालन फकिरांचा आखाडा जवळच होता. गगन हरकरा हा शिलाईदहच्या टपालाची ने-आण करी. त्याच्या एका गीताची चाल रवींद्रनाथांनी 1905 च्या वंगभंगविरोधी चळवळीत 'आमार सोनार बांगला' या गीतासाठी घेतली. 1912 साली इंग्लंडला निघण्याच्या वेळी ते आजारी पडले आणि विश्रांतीसाठी शिलाईदहला आले. येथेच त्यांनी आपल्या काही कवितांचा इंग्रजी अनुवाद करण्यास आरंभ केला, आणि त्यातूनच इंग्रजी 'गीतांजली' सिद्ध झाली.

सुधारणेचे प्रयोग

नव्या वर्षाच्या वसुलीचा आरंभ 'पुण्याह' नावाच्या समारंभाने होई. त्यात जाति-धर्माप्रमाणे बसण्याच्या जागा वेगवेगळ्या असत. आपल्या पहिल्या पुण्याहाच्या वेळी रवींद्रनाथांनी हा भेद मोडल्यावाचून आसनावर बसण्यास नकार दिला आणि सर्वांना एकाच बैठकीवर बसविले, अशी हकीकत सांगितली जाते. कचेरीतील जुन्या नोकरांना ते रुचले नाही. नव्या धन्याची दयाबुद्धी आपल्या मिळकतीवर येणार, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे त्यांनी जमीनदारीचे मंडळांत विभाजन केले. रयतेने थोडी वर्गणी द्यावी, जमीनदाराने तीत भर घालावी, आणि त्या निधीतून शाळा, दवाखाने, रस्ते व विहिरी व्हाव्यात, तंटे गावातच मिटावेत, अशी ती योजना होती. काळीग्राममध्ये ती बरीच रुजली. बिराहिमपुरात तितकी नाही. 1906 साली त्यांनी पुत्र रथींद्रनाथांना शेतकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पाठविले. परत आल्यावर रथींद्रनाथांनी शिलाईदहला प्रायोगिक शेत केले, मक्याचे व चाऱ्याचे परदेशी बियाणे आणले, मातीच्या परीक्षणाची सोय केली.

सर्व प्रयोग यशस्वी झाले असे नाही. कुश्तिया येथील 'टागोर अँड कंपनी' या व्यापारी पेढीने कर्जच मागे ठेवले. 1905 साली पतिसर येथे कृषी बँक निघाली. सावकारापेक्षा कमी व्याजाने ती कुळांना कर्ज देई. नोबेल पारितोषिकाची रक्कमही तीत ठेवण्यात आली आणि व्याज शांतिनिकेतनच्या विद्यालयाला मिळू लागले. परंतु 1930 नंतरच्या दशकात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला, बँकेची वसुली थांबली आणि ठेव बुडाली. ज्या कायद्याने कुळांना दिलासा दिला त्यानेच कुळांसाठी काढलेली बँक बुडविली. सदिच्छेने चाललेल्या संस्थेचा पायाही कर्जाच्या त्याच जुन्या व्यवहारावर होता, हे यावरून ध्यानात येते.

रवींद्रनाथांना या विसंगतीची जाणीव होती. 1926 साली रयतेच्या प्रश्नावर लिहिताना त्यांनी जमीनदार हा परान्नपुष्ट जीव असल्याचे स्पष्टपणे मान्य केले. तथापि जमीन एकदम कुळांच्या हाती दिली तर ती सावकार गिळंकृत करील, अशी भीतीही त्यांनी त्याच लेखात व्यक्त केली. रयत स्वतः संघटित व समर्थ झाल्यावाचून मालकी बदलून भागणार नाही, असे त्यांचे मत होते. ही भीती निराधार नव्हती. परंतु ती जमीनदाराच्या तोंडून येत होती, याचा विसर पडू देऊन चालणार नाही.

अखेर

1920 नंतर लवकरच झालेल्या कौटुंबिक वाटणीत शिलाईदह रवींद्रनाथांकडे राहिले नाही. ते सत्येंद्रनाथांचे पुत्र सुरेंद्रनाथ यांच्याकडे गेले आणि कालांतराने ठाकूर घराण्याच्या हातून सुटले. रवींद्रनाथांकडे काळीग्राम उरले. तेथील प्रजेचा अखेरचा निरोप त्यांनी 1937 साली घेतला. 1947 च्या फाळणीत हा सारा प्रदेश पूर्व पाकिस्तानात गेला. 1950 च्या कायद्याने तेथील जमीनदारी रद्द झाली आणि 1793 पासून चालत आलेली व्यवस्था संपली. 1971 साली बांगलादेश स्वतंत्र झाला, तेव्हा गगन हरकऱ्याच्या चालीवरील ते गीत त्याचे राष्ट्रगीत झाले.

आज कुठीबाडीत कवीची छायाचित्रे आणि वापरातील वस्तू मांडलेल्या आहेत. खंड भरण्यासाठी कचेरीच्या दारी तिष्ठत बसलेल्या कुळांची कोणतीही वस्तू तेथे असण्याचा संभव नाही. परंतु त्यांच्या श्रमांवाचून हे घर उभे राहिले नसते, आणि त्यांच्या सहवासावाचून त्यात लिहिले गेलेले साहित्यही असे झाले नसते. जमीनदारी गेली, नदीने आपला मार्ग बदलला. रवींद्रनाथांच्या कथांतून मात्र ती माणसे अजूनही वाचकाला भेटतात.