पाषाणमार्गावरील स्पर्धेविषयी भाच्यास पत्र

नांदेड, भाऊबीज

चिरंजीवास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

रिमोटवर चालणाऱ्या, खडक चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांची, लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांतील हौशी मंडळींसाठी, येत्या पौषात खुली स्पर्धा भरवावी असा तुझा आणि तुझ्या मित्रांचा मानस पत्रावरून कळला. आणि जी गोष्ट पुण्यामुंबईच्या मुलांनीच करावयाची असा आपल्याकडे सर्वसाधारण समज असतो, ती आपल्याच माळावर आणि आपल्याच दगडांवर उभी करण्याचे तुम्ही मनावर घेतले याचा मला मनापासून संतोष झाला. तू खर्चाचा अंदाज, बक्षिसांची यादी आणि व्यासपीठाचा आराखडा सविस्तर पाठवला आहेस. पंच कोण असावेत, गुणपत्रिका कशी असावी आणि मार्ग कोणी आखावयाचा, याविषयी मात्र त्यात एक ओळही नाही. माझ्या मते खरी स्पर्धा ती एवढीच, बाकीचा समारंभ. म्हणून महसूल खात्याच्या नोकरीत जत्रांचे बंदोबस्त आणि कुस्त्यांचे फड जवळून पाहिल्याच्या अधिकाराने चार गोष्टी लिहितो.

प्रथम या खेळाचा स्वभाव ध्यानी घे. वेगाच्या शर्यतीत आधी कोण पोहोचला हे शेवटच्या रांगेतील पोरालाही दिसते, आणि म्हणून तेथे पंच दुबळा असला तरी लोकांचे डोळे त्याची उणीव भरून काढतात. परंतु खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाचे हे वाहन माणसाच्या चालीहूनही मंद गतीने दोन खुणांमधून, म्हणजे तुमच्या भाषेत गेटमधून, शिळेवर चढत असता त्याच्या टायरची कड खुणेला लागली की केसभर अंतराने निसटली, गाडी कलंडता कलंडता स्वतःच सावरली की चालकाच्या बुटाचा तिला टेका मिळाला, हे चार हातांवर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला कळत नाही. ते फक्त दगडाशेजारी उकिडव्या बसलेल्या पंचाला कळते, आणि त्याने कागदावर लिहिले तेच शेवटी घडलेले ठरते. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो विजयी, हा या खेळाचा रूढ संकेत असल्याने हरणाऱ्याला आपला पराभव दुसऱ्याच्या हातून लिहिला गेलेला दिसतो. अशा वेळी त्याच्या मनात संशयाला जागा राहू न देणे हे आयोजकाचे पहिले कर्तव्य होय.

यासाठी प्रत्येक मार्गावर दोन पंच नेम. एकाने केवळ गाडीकडे पाहावे आणि दंड झाला की तत्क्षणी मोठ्याने पुकारावा. दुसऱ्याने मान वर न करता तो पत्रिकेत नोंदवावा आणि फेरी संपताच खेळाडूला पत्रिका वाचून दाखवून तेथल्या तेथे त्याची सही घ्यावी. गाडी मागे घेतल्यास एक दंडगुण, खुणेला स्पर्श झाल्यास दहा, गाडी हाताने उचलून सरळ केल्यास दहा, मार्गाच्या दोरीबाहेर चाक गेल्यास दहा, मागची दोन्ही चाके खुणांपलीकडे गेल्याखेरीज गेट पार धरावयाचे नाही, असे काही साधे प्रमाण ठरवून त्याची मराठी प्रत आठ दिवस आधी प्रत्येक नाव नोंदवणाऱ्याच्या हाती पडू दे. प्रमाण कोणते ठरवता याला मी फारसे महत्त्व देत नाही. ते सकाळी जे होते तेच दुपारी असावे, याला देतो. तक्रार लेखी असावी, अर्ध्या तासाच्या आत यावी, आणि तिचा निवाडा त्या मार्गावर नसलेल्या तिसऱ्या पंचाने करावा. आणि तू, तुझे सहआयोजक व तुमचे सख्खे नातलग यांपैकी कोणीही त्या दिवशी बक्षिसासाठी गाडी उतरवू नये. हे तुला कठोर वाटेल, कारण तुमच्या मंडळात उत्तम हात तुझाच आहे हे मी जाणतो. परंतु ज्याने मार्ग आखला त्याने त्यावर बक्षीस जिंकणे हे नियमांत बसत असले तरी लोकांच्या मनात बसत नाही, आणि पुढच्या वर्षी अहमदपूरची वा देगलूरची मुले येतील की नाही हे तेथेच ठरते.

वर्ग किती करावेत, हा प्रश्न या खेळाच्या इतिहासातूनच सुटतो. तामिया या जपानी कंपनीच्या 1987 सालच्या क्लॉड बस्टर नावाच्या मोठ्या चाकांच्या गाडीत फेरफार करून पूर्वी अमेरिकेतील हौशी लोक खडक चढत. पुढे अ‍ॅक्सियलची एससीएक्स-10 आणि 2017 साली ट्रॅक्ससची टीआरएक्स-4 अशा मुळातच या कामासाठी बांधलेल्या गाड्या आल्या, आणि खोक्यातून काढून थेट दगडावर ठेवणारा एक नवा वर्ग निर्माण झाला. टीआरएक्स-4चे डिफरेंशियल हातातल्या रिमोटवरूनच लॉक करता येते आणि तिचे चाकांच्या मध्यापेक्षा उंच असलेले पोर्टल अ‍ॅक्सल दगडाला कमी घासतात. जुन्या वा स्वस्त गाडीला ही सोय नाही. त्यातच कोणी अ‍ॅक्सलवर पितळी वजने चढवून गाडीचा भार खाली आणलेला असतो, कोणी मऊ टायर मागवलेले असतात. तेव्हा खोक्यातून निघाली तशी गाडी एका वर्गात, फेरफार केलेली दुसऱ्यात, आणि 1.9 इंची व 2.2 इंची चाकांची सरमिसळ कोठेही नाही, एवढी व्यवस्था पुरे. याहून अधिक वर्ग केल्यास बक्षिसे वाढतील आणि खेळाडू विखुरतील.

आता दगडांविषयी. या खेळापुरती तरी निसर्गाने आपल्या मुलखाबाबत कृपणता केलेली नाही. दख्खनचा काळा पाषाण नांदेड जिल्ह्यात पूर्वेकडे व दक्षिणेकडे संपत जातो आणि देगलूर-मुखेडच्या बाजूस ग्रॅनाइटच्या गोलसर, भल्यामोठ्या शिळा माळावर उघड्या पडलेल्या दिसतात. इकडे लातूर जिल्ह्यात उदगीरच्या पठारावर जांभा आढळतो. तिन्हींची पकड निराळी आहे. नदीच्या पाण्याने घासलेल्या काळ्या दगडावर टायर सरकतो, ग्रॅनाइटच्या खरखरीत कणांवर तो चिकटून चढतो, आणि जांभ्याच्या छिद्रांत त्याचा रबर रुततो खरा, पण कड ठिसूळ असल्यास दहाव्या गाडीपर्यंत तिचा तुकडा निघून मार्गच बदलून जातो. म्हणून जागा पक्की करण्यापूर्वी त्या दगडावरून तुमच्यातील सर्वांत साधी गाडी दिवसभर चालवून पाहा. जे गेट त्या गाडीने एकदाही पार होत नाही ते हलवावे, आणि जे प्रत्येक वेळी सहज पार होते तेही हलवावे. पहिली दोन गेटे मात्र सोपीच ठेव; पन्नास कोसांवरून आलेला मुलगा पहिल्या शिळेवरच उलटून परत गेला तर त्यात मार्ग आखणाराचे कौशल्य नाही.

दगड हलवू नका, गाडीत भरून तर मुळीच आणू नका. गौण खनिजाची वाहतूक परवान्याखेरीज करता येत नाही, आणि तुमच्या हौसेसाठी तहसील कचेरीत दंडाची पावती फाडण्याचे कारण नाही. कंधार, औसा, उदगीर येथील किल्ल्यांचे आणि खरोशाच्या लेण्यांचे खडक तुम्हांस मोह पाडतील. तिकडे फिरकूही नये. बंद पडलेल्या खाणीत जागा सोयीची वाटते, पण तिच्या तुटलेल्या कडा आणि तळाचे साचलेले पाणी पाहता लहान मुले जेथे येणार तेथे ती मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने लिहितो. औसा तालुक्यात किल्लारीच्या परिसरात जुन्या गावठाणांतून घडीव दगडांचे ढीग अजून पडून आहेत, आणि तुझ्या एका मित्राने ती जागा सुचवल्याचे तू लिहिले आहेस. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात मातीत रचलेल्या ज्या जाड दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या, त्या भिंतींचे ते दगड आहेत. त्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील 52 गावे दुसऱ्या जागी वसवावी लागली, आणि आज साठीत असलेला कोणी गृहस्थ त्या ढिगाकडे पाहून आपले घर कोठे होते हे सांगू शकतो. तुम्ही त्या वेळी जन्मलाही नव्हता, म्हणून तुमच्या मित्राला मी दोष देत नाही. परंतु तेथे खेळ मांडू नये. दगड ज्या माळावर मुळात उगवले तेथेच मांडावा.

तसेच, गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरते आणि तीत खऱ्या गाड्या चिखलातून, पाण्यातून जातात, त्याची चित्रे पाहून आपणही टँकर आणून एक चिखलाचा मार्ग करावा असे तुझ्या आराखड्यात आहे. गोव्याच्या पावसात ते शोभते. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेत जमिनीवर टँकर ओतू नये. कोरडा दगड पुरेसा कठीण आहे.

वेळेचा हिशेब कागदावर मांड. चोवीस खेळाडू आणि तीन मार्ग धरले, प्रत्येक फेरीस सहा मिनिटे आणि पत्रिका, सही, गाडी बदलणे यांस चार मिनिटे दिली, तर तिन्ही मार्ग एकाच वेळी चालूनही सर्वांच्या फेऱ्या होण्यास चार तास लागतात. सकाळी आठला पहिली गाडी निघाली तरच बारा वाजता जेवण होईल आणि दुपारी निवडक सहांची अंतिम फेरी उजेडात आटोपेल. यात पाहुण्यांचे आगमन, हारतुरे, शाली आणि भाषणे यांना जागा नाही, हे तुला दिसतेच आहे. ज्यांनी देणगी दिली त्यांचे आभार फलकावर लिही. सत्कारासाठी खेळ थांबवू नकोस. जेथे पाहुण्यांची वाट पाहत पैलवान उन्हात बसून राहिले असे फड मी पाहिले आहेत, आणि त्यांतील शेवटच्या कुस्त्या नीट लागल्याचे मला आठवत नाही.

दिवस निवडताना माळेगावची यात्रा टाळ. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून लोह्याकडचा सारा पोलीस बंदोबस्त खंडोबाच्या चरणी असतो, आणि तेव्हा ठाण्यात तुमचा अर्ज वाचण्यास कोणासही सवड नसते. यात्रा उलगडल्यावरचा रविवार धरावा. जमीन खाजगी असल्यास सातबारा पाहून त्यावर नाव असलेल्या प्रत्येक हिस्सेदाराची लेखी संमती घे, एकट्या थोरल्या भावाची नव्हे. गायरान असल्यास ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसीलदारांची परवानगी हवी. पोलीस ठाण्यास लेखी कळव, ध्वनिक्षेपकाची परवानगी त्यातच माग आणि पोच घे. वनखात्याची हद्द जवळ असेल तर तलाठ्याकडून नकाशा पाहून घेतल्याशिवाय चुन्याची एक रेघही ओढू नकोस.

बॅटरीविषयी तू मला शिकवावेस इतके तुला कळते, तरी व्यवस्थेपुरते लिहितो. लिथियम पॉलिमरची बॅटरी उन्हात तापलेल्या मोटारीच्या टपावर चार्ज करू देऊ नये. चार्जिंगसाठी सावलीत एकच टेबल, शेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या, आणि फुगलेली बॅटरी दिसताच ती गाडी फेरीतून बाहेर, हा नियम मित्रालाही लागू असावा.

गावची मुले येतीलच, दगडाभोवती दाटीने उभी राहतील आणि दोरी ओलांडतील. त्यांना हुसकावून लावण्यास स्वयंसेवक नेमण्याऐवजी चौथा, सोपा मार्ग आखून दोन जुन्या गाड्या त्यांच्या हाती द्याव्यात आणि पाळीने चालवू द्याव्यात. ज्यांच्या गावचा माळ आपण वापरला त्यांच्या पोरांना रिमोटला हात लावू न देणे शोभत नाही.

प्रवेशशुल्क, देणग्या आणि खर्च यांचा जमाखर्च त्याच संध्याकाळी सर्वांसमोर वाचून दाखव. शिल्लक राहील ती पुढील वर्षाच्या नावाने बँकेत ठेव. नियमांचा मसुदा आणि तहसीलदारांस द्यावयाचा अर्ज छापण्याआधी मजकडे पाठव, म्हणजे भाषा आणि मुद्दे तपासून चार दिवसांत परत करतो. तिसऱ्या पंचासाठी कोणी न मिळाल्यास मी येईन. खेळातले बारकावे तू तोवर समजावून दे. ताईस नमस्कार, घरातील लहानांस आशीर्वाद. कळावे.

तुझा,
मामा