पोपटमासा आणि पांढरी वाळू

कोराडीच्या विद्यार्थ्यांस वाळू म्हटली की कन्हान नदीची वाळू आठवते. खडक झिजतो व त्याचे कण नदी वाहून आणते, हे त्यांस ठाऊक असते. परंतु लक्षद्वीप बेटांवरील पांढऱ्या वाळूचा काही अंश माशाच्या पोटातून आलेला असतो, असे सांगितल्यास वर्गाचे कुतूहल सहज जागृत होईल.

हा मासा म्हणजे पोपटमासा. उष्ण समुद्रांत याच्या सुमारे १०० जाती आढळतात. दात एकमेकांस जुळून त्यांची चोच बनते, म्हणून हे नाव पडले. अनेक जातींत फिकट रंगाच्या काही माद्यांचे पुढे नरांत रूपांतर होते व मग हिरवे-निळे झगझगीत रंग येतात.

दिवसभर हा मासा प्रवाळ-खडकावरील शेवाळ खरवडून खातो. त्याबरोबर तोंडात आलेले खडकाचे तुकडे घशातील दातांनी दळले जातात व वाळू होऊन बाहेर पडतात. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू करतो. काही जाती रात्री अंगाभोवती चिकट द्रवाचे पारदर्शक वेष्टन करून निजतात. त्यामुळे रक्त पिणाऱ्या बारीक जीवांपासून रक्षण होते.

या खाण्यातच प्रवाळांचे हित आहे. प्रवाळ हे चुन्याची घरे बांधणारे चिमुकले प्राणी होत. खडकावर शेवाळ माजल्यास त्यांच्या पिलांस चिकटण्यास जागा उरत नाही. १९९८, २०१० व २०१६ या साली पाणी तापून लक्षद्वीपमधील पुष्कळ प्रवाळ मेले. अशा वेळी मृत खडक स्वच्छ राखून नव्या प्रवाळांस जागा करून देणारा हा मासा बेसुमार पकडला गेला, तर प्रवाळ पुन्हा वाढणे कठीण होते. आणि ती सखल बेटे तर प्रवाळांवरच उभी आहेत. आपल्या राज्यातही सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले.

प्रयोग : दोन वाट्यांत लिंबाचा रस घ्यावा. एकीत अंड्याच्या कवचाचा चुरा व दुसरीत नदीची स्वच्छ धुतलेली वाळू टाकावी. कवचावर बुडबुडे येतील. वाळूवर सहसा येणार नाहीत. प्रवाळही कवचासारख्याच चुनखडीचे असते, हे मग सांगावे.

शेवटी विद्यार्थ्यांस विचारावे : पोपटमासा नाहीसा झाला, तर प्रथम काय वाढेल व नंतर काय घटेल? उत्तर त्यांनी आपल्या शब्दांत लिहावे.