गळा आणि पट्टी : कीबोर्डवरील ट्रान्सपोजरचा योग्य उपयोग



१४ एप्रिलची जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन, मिरजगाव आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गाण्याशिवाय कार्यक्रम पार पडत नाही. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्या लोककवींनी प्रबोधनाचा विचार गाण्यातूनच गावोगाव नेला. पेटी, ढोलकी आणि तुणतुणे ही त्या गायनाची जुनी साथ. आता बहुतेक गायनपार्ट्यांत पेटीच्या शेजारी, तर कुठे पेटीच्या जागीच, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड दिसतो.

वाद्य नवे आले, पण एक जुनी अडचण तशीच राहिली. वादकाला एकाच पट्टीत वाजवायची सवय असते आणि पार्टीतील प्रत्येकाने त्याच पट्टीत गायचे असते. पुरुषांसाठी धरलेल्या काळी एकमध्ये मुलगी गायला उभी राहते. खाली गावे तर शब्द ऐकू जात नाहीत, वर गावे तर घसा ताणतो. आवाज फाटला की लोक म्हणतात, "हिला गाता येत नाही." दोष गळ्याचा नसतो, पट्टीचा असतो. ही अडचण दूर करणारे बटण कीबोर्डवरच असते. त्याचे नाव ट्रान्सपोज. ते काय करते, काय करत नाही आणि कसे वापरावे, हे प्रस्तुत लेखात आम्ही सांगणार आहोत.

पट्टी म्हणजे काय?

गायकाने ज्या स्वराला 'सा' मानले, ती त्याची पट्टी. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, अशा बारा पट्ट्या असतात. हिशेबासाठी त्यांना शून्यापासून क्रमांक देऊ :

पांढरी एक - ०, काळी एक - १, पांढरी दोन - २, काळी दोन - ३, पांढरी तीन - ४, पांढरी चार - ५, काळी तीन - ६, पांढरी पाच - ७, काळी चार - ८, पांढरी सहा - ९, काळी पाच - १०, पांढरी सात - ११.

यातील पांढरी एक म्हणजे इंग्रजी पद्धतीतील 'सी' आणि काळी एक म्हणजे 'सी शार्प'. सर्वसाधारणपणे पुरुष पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, तर स्त्रिया काळी चार-काळी पाचच्या आसपास. पण हा नियम नव्हे. प्रत्येक गळा वेगळा असतो.

बटण काय करते?

कीबोर्डवरील बारा स्वरांमधील अंतरे समान असतात. प्रत्येक पुढच्या स्वराची कंपनसंख्या मागच्याच्या सुमारे १.०५९५ पट असते. अशा बारा पायऱ्या चढल्या की कंपने दुप्पट होतात आणि वरचा सा येतो. अंतरे समान असल्यामुळे सगळी चाल एकदम वर किंवा खाली सरकवली तरी ती बिघडत नाही, फक्त उंची बदलते. ट्रान्सपोज हेच करते. अधिक १ केले की प्रत्येक पट्टीतून तिच्या पुढचा स्वर वाजतो. उणे १ केले की मागचा वाजतो. बोटे मात्र नेहमीच्याच जागी राहतात.

ही कल्पना नवी नाही. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांची फळी सरकवून हेच साधतात. तेथे लाकूड सरकते, येथे आकडा सरकतो.

आकडा कसा काढावा?

नियम सोपा आहे. गायकाच्या पट्टीच्या क्रमांकातून वादकाच्या पट्टीचा क्रमांक वजा करावा. उत्तर ६ पेक्षा मोठे आले तर त्यातून १२ वजा करावेत. उणे ६ पेक्षाही खाली गेले तर १२ मिळवावेत.

उदाहरण १ : वादक पांढरी एकमध्ये (०) वाजवतो, गायक काळी दोनमध्ये (३) गातो. ३ वजा ० म्हणजे अधिक ३.

उदाहरण २ : वादक पांढरी एकमध्ये, गायिका काळी चारमध्ये (८). उत्तर ८ येते. ते ६ पेक्षा मोठे, म्हणून १२ वजा करून उणे ४.

उदाहरण ३ : वादक काळी एकमध्ये (१), गायिका काळी पाचमध्ये (१०). उत्तर ९, म्हणून उणे ३.

आठ पायऱ्या चढणे आणि चार पायऱ्या उतरणे, दोन्हींनी स्वर तोच येतो, फक्त सप्तक बदलते. जवळच्या वाटेने गेल्यास वाद्याचा आवाज फार चिरका किंवा फार घोगरा होत नाही.

आधी गळा, मग आकडा

गणित येण्याआधी गायकाची पट्टी कळली पाहिजे. त्यासाठी वाद्य बंद ठेवून गायकाला सहज गुणगुणू द्यावे. तो ज्याला सा धरतो, तो स्वर कीबोर्डवर शोधावा. मग गाण्यातील सर्वांत वरची आणि सर्वांत खालची ओळ म्हणून घ्यावी. वरची ओळ न ताणता यावी, खालची शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावी. तसे होत नसेल तर पट्टी एक-दोन पायऱ्यांनी बदलून पाहावी. कॅसेटवर किंवा मोबाईलवर मूळ गायक ज्या पट्टीत गातो त्याच पट्टीत आपणही गायचे, हा हट्ट सोडावा. ती पट्टी त्याच्या गळ्याची आहे, आपल्या नव्हे.

पट्टी ठरली की वहीत गाण्याच्या नावापुढे दोन गोष्टी लिहाव्यात : गायकाची पट्टी आणि ट्रान्सपोजचा आकडा. नुसता आकडा लिहू नये. वादक बदलला की आकडा बदलतो, पट्टी बदलत नाही.

साथीदारांचा विचार

ट्रान्सपोज फक्त कीबोर्डला कळते. शेजारच्या पेटीवाल्याला "पांढरी एक" सांगून आपण अधिक ३ लावले तर दोघांचे भांडण सुरू होईल. त्याला प्रत्यक्ष ऐकू येणारी पट्टी, म्हणजे काळी दोन, सांगावी. तबला-ढोलकी तर हातानेच स्वरात लावावी लागते, आणि प्रत्येक गाण्याला ती वर-खाली करणे वादकाला आणि श्रोत्यांना, दोघांनाही नकोसे होते. म्हणून कार्यक्रमाची यादी करताना एका पट्टीची गाणी शक्यतो एकापाठोपाठ ठेवावीत.

काही वेळा आकडा बरोबर असूनही सूर बोचतो. जुन्या पेटीचे सूर थोडे उतरलेले किंवा चढलेले असतात आणि ते मंचावर दुरुस्त करता येत नाहीत. अशा वेळी ट्रान्सपोज नव्हे, तर 'ट्यूनिंग' ही वेगळी सोय वापरावी. ट्रान्सपोज पूर्ण पायरी चढते, ट्यूनिंग पायरीच्या आतला बारीक फरक भरून काढते. एका पायरीचे शंभर भाग मानले जातात, त्यांना सेंट म्हणतात. पेटी कीबोर्डकडे येऊ शकत नाही, म्हणून कीबोर्डने पेटीकडे जावे.

गाणे संपले की आकडा तपासावा. काही वाद्यांत बंद केल्यावर तो शून्यावर येतो, काहींत तसाच राहतो. गाणे चालू असताना बटणाला हात लावू नये.

बटण आधार आहे, विद्या नव्हे

विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. बटण आहे म्हणून पट्ट्यांचा अभ्यास सोडू नका. वीज गेली की विजेवरचा कीबोर्ड गप्प होतो आणि कार्यक्रम पेटीवर येतो. साध्या पेटीला हे बटण नसते. म्हणून पांढरी एक, काळी एक, काळी दोन आणि काळी चार या चार पट्ट्यांतून रोज अलंकार वाजवावेत. एकच साधी चाल घेऊन आठवड्याला एक पट्टी बदलावी. महिनाभरात बोटे चारही वाटा ओळखू लागतील.

मात्र तोपर्यंत कोणाचा गळा थांबवून ठेवू नका. वादक शिकेल तेव्हा शिकेल, गाणाऱ्या मुलीला आज तिच्या पट्टीत गाता आले पाहिजे. गळा देहाचा आहे, तो सरकवता येत नाही. पट्टी सरकवता येते. म्हणून तालमीला बसताना वादकाने पहिला प्रश्न गाण्याचा नव्हे, पट्टीचा विचारावा : "ताई, तुमचा सा कुठे आहे?"